चोविशीतला गोष्टीवेल्हाळ

अकरावीला जर्मन घेतलं ते मार्कांसाठी. खोटं कशाला बोलू? संस्कृत किंवा जर्मन घेतलं की टक्केवारी वर जाते अशी आमच्याकडे सगळ्यांची श्रद्धा होती, आणि संस्कृतचा वर्ग आधीच भरला होता. दोन वर्षांत 'डेअर, डी, डास' यापलीकडे फारसं काही डोक्यात राहिलं नाही. राहिली ती एक गोष्ट. पोर्शन संपल्यावर उरलेल्या तासाला मॅडमनी सांगितलेली.

बगदादचा खलिफा आणि त्याचा वजीर एका फेरीवाल्याकडून जादूची पूड घेतात. ती हुंगायची आणि 'मुताबोर' असा लॅटिन शब्द उच्चारायचा, की माणसाचा हवा तो प्राणी होतो आणि प्राण्यांची भाषा कळायला लागते. परत माणूस व्हायचं असेल तर पूर्वेकडे तोंड करून तीनदा वाकायचं आणि तोच शब्द म्हणायचा. अट एकच. प्राणी असताना हसायचं नाही. हसलं की शब्द डोक्यातून साफ! दोघं करकोचे होतात, तळ्याकाठी एक तरुण करकोची पाहुण्यांसमोर करायच्या नाचाची प्रॅक्टिस एका पायावर करत असते, ते बघून या दोघांना हसू आवरत नाही. मग किती वाकले तरी तोंडातून फक्त 'मु... मु... मु...'. पुढे फर्स्ट इयरच्या व्हायवाला एक्स्टर्नलसमोर माझं अगदी हेच झालं. तेव्हा त्या खलिफाची फार आठवण आली.

या करकोच्यांना पुढे एक घुबड भेटतं. ती शापित राजकन्या असते आणि तिचं माहेर असतं चक्क हिंदुस्थान! मला वाटलं, ही अरबी सुरस कथांमधलीच एखादी असणार. मॅडम म्हणाल्या की नाही, ही एका जर्मन पोराने लिहिली आहे. तो बगदादला किंवा हिंदुस्थानला कधी गेला नव्हता, आणि लिहिली तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता. नाव विल्हेल्म हाउफ.

बावीस वर्षांचा! म्हणजे आपल्या बी.ई.च्या पोरांएवढा. त्या दिवसापासून हा माणूस माझ्या मागेच लागला.

हाउफ जन्मला २९ नोव्हेंबर १८०२ रोजी, श्टुटगार्टमध्ये. तेव्हा जर्मनी नावाचा एक देश नव्हताच, छोटी-मोठी संस्थानं होती. श्टुटगार्ट ही त्यांपैकी व्युर्टेम्बर्गची राजधानी. वडील सरकारी नोकरीत होते. विल्हेल्म सात वर्षांचा व्हायच्या आत, १८०९ साली, ते वारले. आई मुलांना घेऊन ट्युबिंगनला आपल्या वडिलांकडे गेली. म्हणजे आपल्या भाषेत पोरगा आजोळी वाढला. आजोबांकडे पुस्तकांनी भरलेली खोली होती. त्याचं खरं शिक्षण शाळेपेक्षा त्या खोलीत जास्त झालं.

वडील नाहीत, घरात पैसा बेताचा, अशा हुशार मुलासाठी तिथे एक ठरलेला रस्ता होता. चर्चच्या खर्चाने शिकायचं आणि शेवटी पाद्री व्हायचं. १८१८ साली त्याला ब्लाउबॉयरेनच्या मठातल्या निवासी शाळेत घातलं, आणि १८२० साली तो ट्युबिंगनच्या विद्यापीठात आला, प्रसिद्ध 'श्टिफ्ट'ची शिष्यवृत्ती घेऊन. हे श्टिफ्ट म्हणजे धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांचं हॉस्टेल म्हणा ना. आपल्याला ग्रहांच्या नियमांमुळे माहीत असलेला केप्लर तिथलाच, तत्त्वज्ञ हेगेल तिथलाच. शिकवणार फुकट, पण पुढचं आयुष्य त्यांना दिल्यासारखं. चार वर्षांनी, १८२४ साली, हाउफ पदवी घेऊन बाहेर पडला. पण पाद्री होण्यात त्याला काडीचा रस नव्हता. आता हा प्रसंग आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. घरच्यांनी आणि परिस्थितीने निवडलेल्या ब्रँचमधून पास झालेली किती मुलं आपल्या याच कॉरिडॉरमध्ये गिटार वाजवत बसलेली असतात!

त्याने नोकरी धरली ती शिकवणीची. श्टुटगार्टमध्ये फॉन ह्युगेल नावाचे सेनाधिकारी होते, बडी असामी. त्यांच्या मुलांना घरी राहून शिकवायचं. पगारी मास्तर. आणि इथेच ते घडलं. अभ्यास झाल्यावर मुलांना गोष्ट लागते, हे जगात सगळीकडे सारखंच. हाउफ सांगत गेला, मुलं ऐकत गेली, आणि त्या गोष्टी छापायच्या असं ठरलं. १८२५ च्या अखेरीस त्यांचं पुस्तक बाजारात आलं, नाव '१८२६ सालासाठी परीकथांचा अल्मनाक'. अल्मनाक म्हणजे साधारण आपला दिवाळी अंक समजा. वर्ष संपता संपता निघायचा आणि पुढच्या वर्षाचं साल अंगावर मिरवायचा. मघाचा करकोचा झालेला खलिफा याच पुस्तकातला. मोठ्या डोक्याचा, ठेंगणा, गल्लीतली पोरं ज्याची टर उडवतात तो छोटा मुकही याच्यातलाच. वाळवंटातून एक काफिला चाललाय आणि मुक्कामाला एकेक व्यापारी गोष्ट सांगतोय, अशी मांडणी. वेताळपंचविशी ऐकून वाढलेल्या आपल्यासारख्यांना गोष्टीत गोष्ट हा प्रकार नवा नाही, पण हाउफने तो अरबी कथांवरून उचलला.

या पुस्तकाची प्रस्तावना हीच एक परीकथा आहे. परीकथा ही कल्पना नावाच्या राणीची मुलगी. ती आईकडे रडत येते, की हल्ली माणसं मला विचारत नाहीत, गावाच्या वेशीवर लेखण्या घेतलेले पहारेकरी बसवलेत, ते मला आत घेत नाहीत. आई तिला अल्मनाकचे कपडे चढवते आणि वेश बदलून परत पाठवते. हे लेखण्या घेतलेले पहारेकरी कोण, ते चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेल. समीक्षक!

आणि समीक्षकांनी त्याला सोडलं नाहीच. त्यांचा मुख्य आरोप एका शब्दात सांगायचा तर, नकल. परीकथा अरबी वळणाच्या, कादंबरी वॉल्टर स्कॉटच्या वळणाची, भुतंखेतं हॉफमनच्या वळणाची. यात हाउफचं स्वतःचं काय? मला हा प्रश्न गंभीर वाटतो, कारण आपण सगळे नकलेवरच जगतो. पहिल्या सेमिस्टरला काचेखाली दिवा ठेवून मी रूममेटची ड्रॉइंग शीट जी.टी. मारली होती. सरांनी दोन्ही शीट शेजारी ठेवल्या आणि काहीच न बोलता माझ्याकडे पाहिलं. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

हाउफची जी.टी. मात्र कोर्टापर्यंत गेली. त्या काळी एच. क्लाउरेन या टोपणनावाने लिहिणारा एक लेखक तुफान खपत असे. खरं नाव कार्ल हॉयन. त्याचीच अक्षरं इकडची तिकडे केली की हे टोपणनाव होतं. लाडिक नायिका, गुळचट प्रेम, थोडी चावट वर्णनं, असा सगळा माल. हाउफने १८२५ साली 'चंद्रावरचा माणूस' ही कादंबरी हुबेहूब त्याच थाटात लिहिली आणि बिनधास्त क्लाउरेनच्याच नावाने बाजारात आणली! लोकांना कळेना की ही थट्टा आहे की खरा क्लाउरेन. खऱ्या क्लाउरेनने दावा लावला आणि जिंकला. दुसऱ्याचं नाव वापरल्याचा ठपका बसला. हाउफने गप्प बसावं ना? त्याने वर एक लांबलचक उपहासाचं प्रवचनच छापलं आणि क्लाउरेनच्या लिखाणाच्या चिंध्या केल्या. पाद्रीपणाचं शिक्षण असं कामाला आलं. आता मुळात त्याला थट्टाच करायची होती, की आधी त्या थाटात लिहून खप बघायचा होता आणि थट्टेची कल्पना मागाहून सुचली? मला तरी दोन्ही थोडं थोडं वाटतं. बावीस-तेवीसच्या पोराला पैसा आणि नाव दोन्ही हवंच असतं.

पण या माणसाने नकलेवरच एक झकास गोष्ट लिहिली, म्हणून मी त्याला माफ करून टाकलं आहे. एका लहानशा गावात एक परका गृहस्थ राहायला येतो. गावकऱ्यांच्या चांभारचौकशांना तो दाद देत नाही, म्हणून ते त्याच्यावर खार खाऊन. एक दिवस तो आपला तरुण इंग्रज पुतण्या समाजात आणतो. पुतण्या धसमुसळा, टेबलावर पाय टाकणारा, नाचताना भलत्याच उड्या मारणारा. पण इंग्रज ना! गावातली तरुण पोरं लगेच त्याची स्टाइल मारायला लागतात, उद्धटपणा ही फॅशन होते. शेवटी गावच्या गाण्याच्या कार्यक्रमात त्याच्या गळ्यातला रुमाल सैल होतो आणि तो पिसाळल्यासारखा उड्या मारत सुटतो. पकडल्यावर कळतं, तो पुतण्या म्हणजे सर्कशीवाल्यांकडून घेतलेला ओरांगउटान आहे! काका केव्हाच पसार. या गोष्टीवरून १९६५ साली हान्स वेर्नर हेन्त्सेने ऑपेरा केला, शब्द इंगेबोर्ग बाखमान या नामवंत कवयित्रीचे. म्हणजे नकलाकार म्हणून हिणवलेल्या पोराच्या गोष्टीवर एकशेचाळीस वर्षांनी असे दिग्गज काम करत होते.

सिव्हिलवाल्यांसाठी एक खास गोष्ट. १८२६ साली हाउफची 'लिख्टेनश्टाइन' ही ऐतिहासिक कादंबरी आली. व्युर्टेम्बर्गचा परागंदा झालेला ड्यूक उलरिख आणि कड्यावरचा एक किल्ला यांची कथा. ती लोकांना इतकी आवडली, की राजघराण्यातल्या विल्हेल्म नावाच्या सरदाराने १८४० ते १८४२ या काळात त्याच जागी, जुन्या किल्ल्याच्या पायावर, कादंबरीत शोभेल असा नवा किल्ला बांधून घेतला. तो आजही उभा आहे. आधी ड्रॉइंग, मग बांधकाम एवढंच आपल्याला ठाऊक. इथे आधी कादंबरी आली.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती. 'थंड काळीज'. ही अरबस्तानातली नाही, हाउफच्या घरच्या अंगणातली, श्वार्त्सवाल्डच्या म्हणजे काळ्या अरण्याच्या डोंगरांतली. तिथले तीन धंदे गोष्टीत येतात. कोळसा पाडणारे, काच गाळणारे, आणि फर वृक्षांचे उंच ओंडके बांधून त्यांचे तराफे नेकार आणि ऱ्हाईन नद्यांमधून थेट हॉलंडपर्यंत नेणारे. हॉलंडला जहाजांसाठी लाकूड हवं असायचं, त्यामुळे तराफेवाल्यांच्या हातात रोकड खुळखुळायची. कोळसेवाल्याच्या अंगाला काजळी तेवढी लागायची. ही सगळी खरी अर्थव्यवस्था आहे, परीकथेत अशी क्वचित सापडते.

पेटर मुंक हा कोळसेवाल्याचा पोर. बाप गेलेला, आई आहे. भट्टीशेजारी एकटा बसून बसून त्याला वाटायला लागतं की आपल्या धंद्याला काही इज्जत नाही. जंगलात दोन शक्ती राहतात. एक काचेचा बुटका, प्रामाणिक काच कारागिरांचा राखणदार. दुसरा हॉलंडवाला मिखेल, धिप्पाड, तराफेवाल्यांना पैशाची चटक लावणारा. बुटका पेटरला तीन इच्छा देतो. पेटर पहिली इच्छा काय मागतो? सगळ्यांत चांगलं नाचता यावं, आणि गुत्त्यातल्या जाड्या एझेखिएलच्या खिशात जेवढे पैसे असतात तेवढे कायम आपल्या खिशात असावेत! दुसरी इच्छा, काचेचा कारखाना. बुटका डोक्याला हात लावतो, की अक्कल का नाही मागितलीस, आणि तिसरी इच्छा राखून ठेवतो.

पुढे पेटर जुगार खेळतो, एझेखिएलला जिंकत जिंकत पार रिकामा करतो, आणि पैसे द्यायला खिशात हात घालतो तर खिसा रिकामा. कारण एझेखिएलचा खिसा रिकामा! कॉम्प्युटरवाल्यांनो, तुमच्या लक्षात आलं असेलच. गड्याने व्हॅल्यू कॉपी करायच्या ऐवजी पॉइंटर घेतला होता. पॉइंटर्सचं चॅप्टर मला सी मध्ये कधी नीट कळलं नव्हतं, ते या जागी कळलं.

कारखाना जप्तीला येतो आणि पेटर मिखेलकडे जातो. मिखेलच्या घरात फळीवर काचेच्या बरण्या मांडलेल्या आहेत, प्रत्येकीत एक काळीज धडधडतंय आणि वर चिठ्ठी चिकटवलेली. चिठ्ठ्यांवर नावं सगळी गावातल्या प्रतिष्ठितांची. पेटर आपलं काळीज देतो, बदल्यात छातीत दगडाचं काळीज आणि एक लाख गुल्डेन. मग दोन वर्षं तो जग फिरतो आणि त्याला काहीच वाटत नाही. सुंदर गाव पाहून आनंद नाही, घर सोडल्याचं दुःख नाही. खातो, झोपतो, कंटाळतो. परत येऊन व्याजबट्टा करतो, आई दारात येते तर तिला नाणं देऊन वाटेला लावतो. बायको लिसबेथ एका म्हाताऱ्याला वाईन आणि भाकरी देते, म्हणून तो चाबकाच्या दांड्याने तिच्या डोक्यात मारतो. ती पडते. तो म्हातारा काचेचा बुटकाच असतो.

शेवट सांगून टाकतो. पेटर मिखेलला डिवचतो, की तू माझं काळीज काढलंच नाहीस, उगाच थापा मारतोस. मिखेल फुशारकीने खरं काळीज परत बसवून दाखवतो, आणि पेटर काचेचा क्रूस पुढे धरून, प्रार्थना म्हणत सुटतो. काळीज परत आल्यावर त्याला पहिली गोष्ट कळते ती म्हणजे आपण काय केलंय. आई आणि लिसबेथ परत मिळतात, आणि तो पुन्हा कोळसाच पाडतो. पूर्व जर्मनीच्या 'डेफा' या चित्रसंस्थेने १९५० साली आपला पहिला रंगीत चित्रपट काढला तो याच गोष्टीवर.

मी ही गोष्ट पहिल्यांदा पूर्ण वाचली ती प्लेसमेंटच्या सीझनला, इंग्रजी भाषांतरातून. रात्री अडीच वाजता. सकाळी एका कंपनीचा ॲप्टिट्यूड होता. पॅकेजचे आकडे त्या दिवसांत आम्ही एझेखिएलच्या खिशासारखेच मोजत होतो, आपल्याला किती हवं यापेक्षा त्याला किती मिळालं यावर. त्या रात्री झोप लागली नाही एवढंच सांगतो.

हाउफचं सगळंच गोड मानून घ्यावं असं नाही. १८२७ साली त्याने 'ज्यू झ्युस' ही दीर्घकथा लिहिली, १७३८ साली श्टुटगार्टमध्ये फासावर गेलेल्या योझेफ झ्युस ओपेनहायमर या ज्यू कारभाऱ्यावर. त्यात ज्यूंविषयीचे त्या काळचे ओंगळ पूर्वग्रह जागोजाग दिसतात. याच विषयावर १९४० साली नाझींनी एक विखारी प्रचारपट काढला. तो हाउफने लिहिला नाही, हे खरं. तरीही ती कथा वाचताना मला लाज वाटली. हिणवलेल्या छोट्या मुकची बाजू घेणाऱ्या माणसाला हे कसं दिसलं नाही?

शिकवणीची नोकरी सोडून १८२६ साली तो प्रवासाला निघाला. पॅरिस, ब्रसेल्स, अँटवर्प, ब्रेमेन, बर्लिन, ड्रेस्डेन. ब्रेमेनच्या नगरभवनाच्या तळघरात जुन्या वाईनची मोठमोठी पिंपं आहेत. त्यांच्या सोबतीत काढलेल्या एका रात्रीची कथा त्याने लिहिली, आणि आज त्या तळघरातल्या एका दालनाला त्याचंच नाव आहे. १८२७ च्या जानेवारीत त्याला श्टुटगार्टच्या 'मोर्गनब्लाट' या मातब्बर दैनिकाच्या संपादकाची जागा मिळाली. फेब्रुवारीत लग्न झालं, विद्यार्थी असल्यापासून जिच्यावर जीव होता त्या लुइझेशी. ती नात्यातलीच, चुलतबहीण. नोकरी, लग्न, तिसऱ्या अल्मनाकची तयारी, वर नव्या कादंबरीचा विचार. तिरोलचा शेतकरी वीर आंद्रेआस होफर याच्यावर लिहायचं म्हणून त्या उन्हाळ्यात तो तिरोलच्या डोंगरांत हिंडून आला. शरद ऋतूत तापाने पडला.

हा ताप म्हणजे बहुधा टायफॉईड. आपल्या आजीच्या भाषेत विषमज्वर. मला सेकंड इयरला झाला होता. पंधरा दिवस गोळ्या, मऊ भात आणि मेसच्या पाण्याला शिव्या, एवढ्यावर भागलं. हाउफच्या वेळी त्याचा जंतूसुद्धा कुणाला माहीत नव्हता; तो सापडला १८८० मध्ये. १० नोव्हेंबर १८२७ रोजी त्याला मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं विल्हेल्मिने. आठ दिवसांनी, १८ नोव्हेंबरला, तो गेला. पंचविसाव्या वाढदिवसाला अकरा दिवस कमी होते. सगळं लिखाण मिळून जेमतेम तीन वर्षांचं. श्टुटगार्टच्या होपेनलाउ दफनभूमीत त्याची कबर आहे. ज्येष्ठ कवी उलांडने त्याच्यावर शोककविता लिहिली, आणि गुस्टाव्ह श्वाबने पुढे त्याचं समग्र लिखाण छापून काढलं.

'थंड काळीज' आहे त्या तिसऱ्या अल्मनाकची मांडणी अशी. श्पेसार्टच्या दाट जंगलात एक खानावळ, दरोडेखोरांचा सुळसुळाट. रात्रीच्या मुक्कामाला चौघं येतात. एक तरुण सोनार, एक कंपास बनवणारा कारागीर, एक गाडीवान आणि एक विद्यार्थी. झोपलो तर मेलो, अशी सगळ्यांना भीती. म्हणून ते ठरवतात की रात्रभर जागायचं, आणि जागं राहण्यासाठी एकेकाने गोष्ट सांगायची. त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर साल आहे १८२८.